हिरवा कफ म्हणजे अँटिबायोटिक हवंच?

"कफ हिरवा झालाय, आता अँटिबायोटिकशिवाय बरं वाटायचं नाही." वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

तो हिरवा रंग बहुतेक वेळा जंतूंचा नसतोच, आपल्याच पेशींचा असतो. संसर्ग झाला की श्वासमार्गाच्या अस्तराकडे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे लोहयुक्त एन्झाइम ठासून भरलेलं असतं आणि ते मुळातच हिरवं असतं. पेशी मरून फुटल्या की तोच रंग कफात उतरतो. विषाणू असो वा जीवाणू, या पेशी येतातच. म्हणून साध्या सर्दीतही दोन-तीन दिवसांनी शेंबूड पिवळा-हिरवा होतो. सकाळचा पहिला बेडका जास्त गडद दिसतो, कारण तो रात्रभर साचलेला असतो.

विषाणूवर अँटिबायोटिक काहीच करत नाही. आतड्यातले उपयोगी जीवाणू मात्र मरतात, जुलाब लागू शकतात. लहान मुलांना असं विनाकारण औषध दिलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

रंगापेक्षा हे बघा: दम लागतोय का, ताप उतरून पुन्हा चढलाय का, कफात रक्त आहे का, खोकला दोन आठवड्यांपुढे गेलाय का. यातलं काहीही असेल, तर कफ पांढरा असला तरी डॉक्टरांकडे जा.