संसदीय राजनय

संसदीय राजनय म्हणजे निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या विधिमंडळ सदस्यांचा परराष्ट्र व्यवहारातला सहभाग. त्यात परदेशी शिष्टमंडळे, आंतरसंसदीय परिषदा आणि मैत्रीगट येतात. त्याचबरोबर सभागृहातले ठराव आणि करार अमलात आणणारे कायदेही येतात. राजदूत सरकारच्या सूचनेनुसार बोलतो. खासदाराच्या मागे मतदार असतात आणि तो विरोधी पक्षाचाही असू शकतो, म्हणून त्याच्या शब्दाला परदेशात वेगळे वजन येते.

या कल्पनेला संस्थेचे रूप १८८९ मध्ये आले. फ्रान्सचे फ्रेदेरिक पासी आणि ब्रिटनचे विल्यम रँडल क्रेमर या दोन खासदारांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये आंतरसंसदीय संघ स्थापन झाला. आज त्याचे मुख्यालय जिनिव्हात आहे. १९११ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील विधिमंडळांची संघटना निघाली, तीच आजची राष्ट्रकुल संसदीय संघटना.

भारतात मात्र या परंपरेचा माग काढत गेले की पुण्यात पोचावे लागते. गोपाळ कृष्ण गोखले यांना परराष्ट्र धोरण ठरवण्याचा कसलाही अधिकार नव्हता. हाती होते ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील एक आसन. १९१० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या वसाहतीत करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले मजूर, पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती मजूरभरती बंद झाली. १९१२ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते प्रकृती बरी नसतानाही दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथले पंतप्रधान बोथा व मंत्री स्मट्स यांना भेटले. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर उठेल, अशी खात्री घेऊन ते परतले. ती पाळली गेली नाही. १९१३ चा सत्याग्रह झाला, त्यानंतर १९१४ मध्ये कर रद्द झाला. दुसऱ्या देशाच्या सत्ताधाऱ्यांसमोर आपल्या सामान्य माणसाची बाजू मांडणारा इतका तयारीचा लोकप्रतिनिधी त्या काळात विरळाच.

त्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने हा धागा तुटू दिला नाही. गोखल्यांनंतर अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री कायदेमंडळातून साम्राज्य परिषदेत आणि राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्स) गेले. १९२७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतील भारताचे पहिले एजंट, म्हणजे भारत सरकारचे तिथले प्रतिनिधी, झाले. याच संस्थेचे हृदयनाथ कुंझरू पुढे राज्यसभेत होते. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या, परराष्ट्र व्यवहारांचा अभ्यास करणाऱ्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. या संस्थेबाहेरचे उदाहरण समाजवादी नेते नानासाहेब गोरे यांचे. ते १९५५ मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात उतरले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. १९५७ मध्ये पुण्याचे खासदार झाले आणि १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त.

स्वातंत्र्योत्तर काळातले ठळक उदाहरण १९९४ चे. काश्मीरच्या प्रश्नावर जिनिव्हातील मानवाधिकार आयोगापुढे भारताची बाजू मांडायला पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे प्रमुख केले. २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे जगभर गेली. त्यांपैकी इजिप्त, कतार, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिकेला गेलेल्या एकाचे नेतृत्व पुणे जिल्ह्यातल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी केले. गोखल्यांच्या दौऱ्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी याच जिल्ह्यातून त्याच देशात एक लोकप्रतिनिधी गेली, याची नोंद घ्यायलाच हवी.

प्रादेशिक सहकार्यात यश कमी आहे. सार्क या दक्षिण आशियाई सहकार्य संघटनेतील देशांच्या सभापती व खासदारांची संघटना १९९२ पासून आहे, पण सार्कच अडले की तीही अडते. माले येथे सप्टेंबर २०१९ मध्ये भरलेल्या दक्षिण आशियाई सभापतींच्या परिषदेत विषय शाश्वत विकासाचा होता. भारत आणि पाकिस्तानचे प्रतिनिधी काश्मीरवरून भिडले.

संसदेचा खरा अधिकार कायद्यात आहे. भारतात करार करणे हे सरकारचे काम. त्यावर संसदेची मोहोर सक्तीची नाही. करार अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेचा अनुच्छेद २५३ संसदेला देतो. भूभाग देण्याचा प्रश्न आला, तर मात्र घटनादुरुस्ती लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये पश्चिम बंगालमधील बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात सांगितले. म्हणूनच १९७४ चा भारत–बांगलादेश सीमा करार संसदेवाचून पूर्ण होऊ शकत नव्हता. मे २०१५ मध्ये दोन्ही सभागृहांनी शंभरावी घटनादुरुस्ती एकमताने मंजूर केली. ३१ जुलैच्या मध्यरात्री एकमेकांच्या भूमीने वेढलेल्या, भारताच्या १११ आणि बांगलादेशच्या ५१ वस्त्यांची अदलाबदल झाली आणि तिथल्या रहिवाशांना पहिल्यांदा आपला देश निवडता आला.