जोडणाऱ्या क्षेत्राचा ‘मार्ग’ कसा झाला

विदर्भातल्या कोळसा खाणी, रस्ते आणि रेल्वेमार्ग यांच्या प्रत्येक प्रस्तावाशी सध्या एकच प्रश्न येऊन भिडतो: ही जागा वाघाच्या भ्रमणमार्गात येते का? उत्तर हो असेल तर प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत जातो, नाही म्हटले की या कारणाने तिथे जावे लागत नाही. त्यामुळे या शब्दाचा अर्थ कोण लावतो, याला जंगलातल्या वाघापेक्षाही अधिक भाव आला आहे.

गंमत अशी, की ज्या कलमाच्या आधारे हा सगळा डोलारा उभा आहे त्यात ना ‘कॉरिडॉर’ आहे, ना ‘मार्ग’. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिचे शब्द आहेत ‘एका संरक्षित क्षेत्राला किंवा व्याघ्र प्रकल्पाला दुसऱ्याशी जोडणारी क्षेत्रे’. ही क्षेत्रे पर्यावरणाला न झेपणाऱ्या कामांसाठी वळवायची नाहीत. सार्वजनिक हितासाठी वळवायचीच झाली तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला हवा. म्हणजे कायद्याला क्षेत्र अभिप्रेत आहे, ज्याला लांबी असते तशी रुंदीही असते. पण व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा अधिसूचित करण्याची जशी रीत घालून दिली आहे, तशी या जोडक्षेत्रांसाठी घातलेली नाही. सीमा कुणी आखायची, सात-बारावर नोंद करायची का, हे सारे मोकळे राहिले. या मोकळ्या जागेत आधी इंग्रजी शब्द शिरला आणि त्याचे मराठी करताना आपण ‘भ्रमणमार्ग’ म्हणून मोकळे झालो. मार्ग म्हटले की डोळ्यांसमोर पायवाट येते, आणि पायवाट काय, थोडी सरकवता येते.

त्याआधीचा इतिहास लांबचा असला तरी थोडक्यात सांगता येतो. १९७३ मध्ये पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट आणि कान्हा होते. तेव्हाचा भर प्रत्येक जंगल आपापल्या जागी राखण्यावर होता. मधल्या जंगलात तेंदूपत्ता, मोहफुले, निस्तार (गावकऱ्यांनी घरगुती गरजेपुरते जंगलातून नेणे) आणि वनखात्याची लाकूडतोड चालूच होती. २००५ च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शेजारच्या जंगलातून वाघ येऊन ती जागा भरेल अशी वाटच उरली नव्हती, आणि जोडणीचा मुद्दा दिल्लीच्या टेबलावर आला तो या धक्क्यानंतर. पुढे, २०१३ मध्ये, कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या वाघांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मधली जंगले शाबूत आहेत तिथे या वाघांमध्ये अजूनही रक्ताची देवाणघेवाण होते, हे त्यातून दिसले. विदर्भातल्या गुराख्याला यात नवे काही वाटले नसते, पण न्यायालयात गुराख्याची साक्ष चालत नाही.

नकाशा आला २०१४ मध्ये. २०१० च्या व्याघ्रगणनेची माहिती घेऊन केंद्राच्या संस्थांनी देशभरातल्या ३२ प्रमुख जोडण्या आखल्या. त्यासाठी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला ‘किंमत’ लावली गेली: दाट जंगलाला कमी, शेतीला जास्त, वस्तीला आणि रस्त्याला त्याहून जास्त. दोन जंगलांमध्ये ज्या वाटेने वाघाला सर्वांत कमी किंमत मोजावी लागेल ती ‘किमान खर्चाची वाट’. या वाटा म्हणजे किमान गरज आहे, त्यांच्याखेरीजच्या जोडण्याही राखायला हव्यात, असे त्याच अहवालात म्हटले होते. नेमके हेच वाक्य पुढच्या फायलींमधून गळत गेले.

दरम्यान नागपूर–सिवनी रस्त्याचे भांडण गाजत होते. श्रीनगर ते कन्याकुमारी या चौपदरी रस्त्याचे सरकारी नाव ‘उत्तर–दक्षिण कॉरिडॉर’, आणि तो पेंचजवळ दुसऱ्याच कॉरिडॉरला छेदत होता. रस्ता छिंदवाड्याकडून वळवावा, अशी सूचना झाली. वळवला तर अंतर वाढते, म्हणून तिला विरोध झाला. सर्वोच्च न्यायालय, हरित न्यायाधिकरण आणि नागपूर खंडपीठ अशा फेऱ्यांमध्ये वर्षे गेली, आणि तोवर जुन्या रस्त्यावरचे खड्डे हीच एक स्वतंत्र तक्रार होऊन बसली. शेवटी रस्ता तिथेच रुंद झाला, पण प्राण्यांना खालून जायला वाट ठेवून. महाराष्ट्राच्या बाजूला मनसर ते खवासा या ३७ किलोमीटरच्या टप्प्यात अशी ९ बांधकामे झाली. त्यांतले सर्वांत लांब ७५० मीटरचे आहे. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात तिथल्या कॅमेऱ्यांनी १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे टिपली. त्यांत वाघ ८९ वेळा दिसला, आणि हे वाघ एकूण ११ होते.

हे यश खरे आहे आणि ते भांडून मिळाले आहे. मात्र त्याचा पुढे झालेला वापर तितकासा निर्मळ नाही. भुयारी वाट ठेवली की कुठलाही प्रकल्प कुठूनही नेता येतो, असा सोयीचा अर्थ त्यातून काढला गेला. रस्त्याखालून वाट काढता येते. उघड्या खाणीखालून ती कशी काढणार? गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावर तर तेवढेही नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघाचे तीन बछडे गाडीखाली आले.

वाघांनी मात्र नकाशाची फारशी पत्रास ठेवलेली नाही. नागझिऱ्याचा ‘जय’ २०१३ मध्ये शंभरेक किलोमीटर चालून उमरेड-कऱ्हांडल्यात आला, तेव्हा ते अभयारण्य जेमतेम वर्षभराचे होते. टिपेश्वरचा गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ २०१९ मध्ये तेलंगणात शिरून परत फिरला आणि डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर, तीही बरीचशी कापसाच्या नि तुरीच्या शेतांतून, नाल्याकाठच्या झाडोऱ्यातून. ब्रह्मपुरी वनविभागाची तऱ्हा आणखी वेगळी. ताडोब्यातून बाहेर पडलेल्या वाघांचा तो मार्ग समजला जाई, पण आज तिथे वाघिणी पिल्ले वाढवतात. मार्गातच संसार थाटला गेला असेल तर त्याला मार्ग म्हणायचे का, हा प्रश्न २०१४ च्या नकाशाने सोडवलेला नाही.

या पार्श्वभूमीवर जुलै २०२५ मधले केंद्रीय स्पष्टीकरण वाचावे लागते. २०१४ च्या किमान खर्चाच्या वाटा आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाच्या संवर्धन आराखड्यात नोंदलेल्या जोडण्या, एवढेच परवानगीसाठी भ्रमणमार्ग मानावे, असे त्यात म्हटले. त्याआधी नंतरच्या गणनांमधली माहितीही धरावी, असा सूर होता. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक नव्या अभ्यासागणिक सीमा बदलत राहिली तर गावच्या रस्त्यालाही परवानगी मिळायची नाही. काहीतरी ठाम हवे. यात तथ्य नाही असे नाही. पण ठाम म्हणून जी रेषा उचलली ती दीड दशकापूर्वीच्या वाघांची आहे, आणि किमान म्हणून सांगितलेले कमाल झाले. वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

जोडक्षेत्रांचे रोजचे व्यवस्थापन या वादापासून दूरच राहते. व्याघ्र प्रकल्पाच्या आराखड्यात गाभा आणि बफर यांच्या जोडीला लगतच्या क्षेत्राचा भाग असतो खरा, पण तिथली जमीन प्रकल्पाच्या प्रमुखाच्या, म्हणजे क्षेत्रसंचालकाच्या, ताब्यात नसते. काही प्रादेशिक वनविभागाकडे असते आणि तिथे कार्य आयोजनेप्रमाणे, म्हणजे वनखात्याच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे, तोड होते. काही वनविकास महामंडळाकडे, काही सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांकडे, उरलेली शेतकऱ्यांची. पूर्व विदर्भात भरीला झुडपी जंगल आहे: महसुली दप्तरात चराईची जमीन म्हणून पडलेले तुकडे, पण दोन जंगलांमध्ये वाघाला दिवसभर दबा धरून बसायला तेवढेच पुरते. ते वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. संवर्धन राखीव, म्हणजे स्थानिकांचे हक्क न काढता सरकारी जमिनीला संरक्षण देणे, हा कमी जाचाचा पर्याय दोन दशकांपासून कायद्यात आहे. सह्याद्रीत तिलारीपासून पुढे तो २०२० नंतर बऱ्यापैकी वापरला गेला, विदर्भात त्या मानाने कमी.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी परिसरातल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. या दोन जंगलांमध्ये जोडक्षेत्र आहे असे कागदोपत्री मानले जाते. वाघिणी पिंजऱ्यात घालून गाडीने नेल्या.