टाळीला वळणारे मूल आणि ऐकू न येणारा 'स'

दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही, अशी काळजी वाटू लागली की बहुतेक घरांत एक परीक्षा हमखास घेतली जाते. मुलाच्या पाठीमागून टाळी वाजवायची किंवा स्टीलचे ताट आपटायचे. मूल दचकले किंवा वळले की कान ठीक असल्याचा निर्वाळा द्यायचा. मग जीभ जड आहे, वडीलही उशिराच बोलले होते, मुलगे उशिराच बोलतात, अशी कारणे पुढे येतात आणि वर्ष निघून जाते. ही परीक्षा फसवी आहे. ती का फसवी ठरते हे समजण्यासाठी कानाच्या आत आवाजाची विभागणी कशी होते ते पाहावे लागते, आणि मुलांच्या वाक्-उपचाराचा पाया माझ्या मते तेथेच आहे.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नलिका असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्या लांबीभर सुमारे ३५ मिलिमीटरचा एक पातळ पडदा पसरलेला असतो. मध्यकर्णाकडच्या टोकाशी तो अरुंद आणि ताठ असतो, तर आतल्या टोकाकडे रुंद आणि सैल होत जातो. त्यामुळे उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक आवाज त्याला सुरुवातीच्या भागात हलवतात आणि खालच्या पट्टीतले आवाज शेवटच्या भागात. गेओर्ग फॉन बेकेशी यांना या संशोधनासाठी १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावर केशपेशी असतात: आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. आतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. बाहेरच्या पेशींचे काम अधिक विलक्षण आहे. त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखूड आणि लांब होतात, पडद्याच्या कंपनाला जोर देतात आणि क्षीण आवाज ऐकण्याजोगा करतात.

केशपेशींना इजा होते तेव्हा ती पुष्कळदा बारीक आवाजांच्या भागापासून सुरू होते. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाचा जीव वाचवण्यासाठी जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके द्यावी लागतात; त्यांचा दुष्परिणाम झालाच तर तो प्रथम याच भागातील बाहेरच्या पेशींवर होतो. अशा मुलाला टाळी ऐकू येते, कारण टाळी मोठी असते आणि तिची ऊर्जा अनेक कंप्रतांवर पसरलेली असते. 'आ', 'ओ' हे स्वरही ऐकू येतात, कारण ते जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. म्हणून मूल हाकेला वळते. 'स'ची बरीचशी ऊर्जा मात्र ४,००० हर्ट्‌झच्या वर असते आणि तो मुळातच दुबळा ध्वनी आहे. शब्दाच्या शेवटी येणारा 'त'ही तसाच क्षीण असतो. आता मराठीचा विचार करावा: 'जातो' आणि 'जातोस', 'घर' आणि 'घरात' यांतला सारा फरक नेमक्या याच ध्वनींवर उभा आहे. मुलाला बोलणे ऐकू येते, पण त्यातले व्याकरण गळून पडलेले असते, आणि जे कानावर आलेच नाही ते जिभेवर येणार कोठून?

सर्दीनंतर मध्यकर्णात साचणाऱ्या द्रवाने कमी ऐकू येणे हा निराळा प्रकार आहे. तो कमीजास्त होतो आणि बहुधा उपचाराने किंवा आपोआप जातो, पण महिनोन्‌महिने रेंगाळला तर तपासावा लागतो.

वाट पाहू नये, याचे कारण मेंदूत आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतील बाळांना हिंदीतील दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांतला फरक ऐकवला. एक ध्वनी पुन्हा पुन्हा वाजत असे. तो बदलला की बाळाने मान वळवायची आणि वळवली की त्याला हलणारे खेळणे दिसायचे. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला, दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. हिंदीभाषक घरांतील जवळजवळ वर्षाच्या बाळांना तो सहज कळत होता. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच मेंदू आपल्या भाषेचे ध्वनी निवडून घेत असतो, आणि ते कानावर पडत नसतील तर ही निवड अपुऱ्या सामग्रीवर होते.

सुदैवाने श्रवणचाचणीसाठी बाळाने बोलण्याची गरज नसते. बाहेरच्या केशपेशी हलताना अतिसूक्ष्म आवाज निर्माण करतात, हे लंडनचे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवले. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून तो आवाज टिपता येतो. श्रवणतंतूंची तपासणी 'बेरा' चाचणीने होते; तीत आवाजाला मिळणारा या तंतूंचा विद्युत प्रतिसाद डोक्यावर लावलेल्या तारांनी टिपतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात, असा जगभर मान्य दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, ज्याची सुरुवात २०१३ साली पालघर येथे झाली, जन्मजात बहिरेपणा आणि भाषाविकासातील विलंब या दोन्हींचा समावेश आहे.

याउलट वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवल्याने वाचा फुटते याला काहीही आधार नाही. वर्षाखालील बाळाला मध देणे तर बोटुलिझम या गंभीर जंतुजन्य विषबाधेच्या धोक्यामुळे टाळलेच पाहिजे. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास दूध ओढताना किंवा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, परंतु तो कापल्याने शब्दसंग्रह वाढत नाही.

वाक्-उपचारतज्ज्ञ मूल किती बोलते हे पाहण्याआधी किती समजते, बोट दाखवते का, नजरेला नजर देते का, हे पाहतात. दोन वर्षांच्या वयात ५० पेक्षा कमी शब्द असणे किंवा 'बाबा आले' अशी दोन शब्दांची जोडणी नसणे हा तपासणीचा इशारा मानला जातो. यांतली बरीच मुले पुढे बरोबरी गाठतात. पण कोणती गाठतील हे आधी ओळखता येत नाही, म्हणून थांबणे ही जोखीम ठरते. उपचाराचा मोठा भाग घरी आणि पालकांच्या हातून होतो: मूल ज्याकडे पाहत आहे त्याविषयी बोलणे, उत्तरासाठी काही क्षण खरोखर थांबणे, मूल 'गाडी' म्हणाले तर 'लाल गाडी आली' असे वाढवून परत देणे. 'म्हण, म्हण' असा आग्रह यात कोठेही नसतो.

परदेशातील मराठी कुटुंबांना, आणि आता आपल्याकडील इंग्रजी माध्यमाच्या पालकांनाही, घरात एकच भाषा ठेवा असा सल्ला अनेकदा मिळतो. दोन भाषांमुळे वाचाविकासात दोष निर्माण होत नाही. पालकांना सहज आणि भरभरून बोलता येते ती भाषा काढून घेतली, तर मुलाच्या कानावर पडणारे बोलणेच आटते. शब्द मोजतानाही दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरावेत. वीस मराठी आणि तीस इंग्रजी शब्द वापरणारे मूल वीस शब्दांचे मानले, तर निदानच चुकते.