बैलाचा मुतखडा : शस्त्रक्रिया

मूत्रनलिकेत खडा अडकून लघवी तुंबली की तो काढण्यासाठी किंवा लघवीला दुसरी वाट देण्यासाठी करायची शस्त्रक्रिया. खडे गाईलाही होतात, पण तिची नलिका आखूड व रुंद असल्याने ते सहसा निघून जातात. बैलाचा खडा बहुधा शिश्नाच्या ‘एस’सारख्या वळणाच्या खालच्या बाकाशी अडतो. लहानपणीच खच्ची केलेल्या गोऱ्ह्याची नलिका अरुंद राहते.

खान्देश कापसाचा मुलूख, त्यामुळे सरकीची ढेप गोठ्यात हाताशी असते. ढेप, चुनी, कोंडा यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, म्हणून खडे धरतात. शिवाय थंडीत जनावर पाणी कमी पिते आणि लघवी दाट होते.

बैल शेपटी हलवत कुंथतो, पोटावर लाथा मारतो. लघवी थेंबथेंब येते, मुताच्या जागेच्या केसांना वाळूसारखे कण चिकटतात. हे पोटदुखीसारखे दिसते, म्हणून काढे पाजण्यात दिवस जातो. मग बैल एकाएकी शांत होतो. हा उतार नव्हे, मूत्राशय फुटल्याची खूण असू शकते. पुढे पोट पखालीसारखे खाली लोंबू लागते. नलिका फुटली, तर पोटाखाली कातडीत लघवी मुरून सूज येते.

खालून नळी सरकवणे व्यर्थ : वळण आणि वर ढुंगणाच्या हाडाजवळचा कप्पा तिला अडवतात. झायलाझिनने लघवी वाढते, म्हणून गुंगीसाठी ते टाळावे. शेपटीच्या मुळाशी 2 टक्के लिग्नोकेनचे सुमारे 5 मिलि इंजेक्शन देऊन मागचा भाग बधिर करतात. अंडकोशामागे मध्यरेषेत साधारण 10 सेंमी छेद घेऊन वळण बाहेर ओढतात, खडा बोटांनी चाचपतात व नेमका त्याच्यावर नलिकेला उभा छेद देऊन तो काढतात. टाके घालण्याआधी दोन्ही दिशांना नळी घालून वाट मोकळी असल्याची खात्री करावी; दुसरा खडा मागे राहणे ही नेहमीची चूक. नलिका काळवंडली असेल, तर टाके टिकत नाहीत. मग मागेच नलिकेला लघवीसाठी कायमचे तोंड करतात. असा बैल औताला चालू शकतो, वळूचे काम मात्र संपते, आणि लघवीने मांड्या सोलवटतात.

वासरांत फोले नळी (टोकाला फुगा असलेली लवचिक नळी) मूत्राशयात बसवून पोटाबाहेर काढणे सोयीचे. फुगा सलाइनने फुगवतात. खडा फॉस्फेटचा असेल, तर औषधी नवसागर (अमोनियम क्लोराइड) वजनाच्या किलोमागे 200 मिलिग्रॅम रोज देतात. आठवड्यानंतर नळी चिमटून पाहतात. लघवी खालून धारेने आली, तरच नळी काढायची.