हिरेगुड्ड : नवाश्मयुगीन दगडखाण

कर्नाटकातील बळ्ळारी शहराच्या ईशान्येला काही किलोमीटरवर, संगनकल्लू आणि कुपगल या गावांजवळ असलेली टेकडी. दगडी कुऱ्हाडी घडवण्यासाठी येथे नवाश्मयुगात, म्हणजे शेती आणि घासलेल्या दगडी अवजारांच्या काळात, दगड काढला जाई. नावातल्या ‘हिरे’चा हिऱ्यांशी काही संबंध नाही. कन्नडमध्ये ‘हिरे’ म्हणजे थोरला आणि ‘गुड्ड’ म्हणजे टेकडी. गुरे राखणाऱ्या, भरड धान्य पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या वस्तीला लागूनच चालवलेली ही खाण होती. राजाश्रयाने चाललेल्या पुढच्या काळातील मोठ्या खाणींहून ती अगदी वेगळी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या परिसरातील अवजारांकडे लक्ष वेधले. १९४०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे बी. सुब्बाराव यांनी संगनकल्लू येथे उत्खनन केले. पुरातत्त्वज्ञ रवी कोरिसेट्टर, निकोल बोइव्हिन, डोरियन फुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे केलेल्या कामामुळे खाण, वस्ती आणि शेती यांचा एकत्र विचार करता आला. वस्तीचा काळ ढोबळमानाने इ. स. पू. २००० ते १२०० असा आहे. कुऱ्हाडींचे काम शेवटच्या दोनेक शतकांत सर्वांत जोरात होते.

टेकडी ग्रॅनाइटची आहे, पण कुऱ्हाडीसाठी ग्रॅनाइट चालत नाही. त्याचे कण मोठे असल्याने धार धरत नाही, कडेचे कण सुटतात. ग्रॅनाइट फोडून वर आलेल्या डोलेराइटच्या काळ्या भित्ती (भेगांत शिलारस थिजून झालेले भिंतीसारखे पट्टे) टेकडीवरून जातात, आणि खाण चालली ती त्यांच्यावर. डोलेराइटमधले बारीक स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून घाव बसला तरी दगड सहसा उलत नाही. तो जडही आहे : एक घनफूट दगडाचे वजन सुमारे ८५ किलो भरते. तेवढा धोंडा गावभर वाहून नेण्यापेक्षा जागेवरच फोडून निरुपयोगी भाग टाकून देणे सोयीचे. अशा खाणीत खड्ड्यापेक्षा कपच्यांचे ढीगच जास्त दिसतात, याचे कारण हेच.

भित्तीला निसर्गतःच सांधे असतात, त्यामुळे सुटू पाहणारे ठोकळे हेरले की निम्मे काम झाले. पुढचे टप्पे ठरलेले. प्रथम दगडी हातोड्याने मोठे छिलके उडवून दोन्ही बाजूंनी निमुळता कच्चा घाट काढायचा. मग कडेने लहान छिलके काढून जाडी कमी करायची. उरलेले उंचवटे छिलक्यांनी जात नाहीत. ते कठीण दगडाने टिपून बसवावे लागतात, जात्याला टाकी लावतात साधारण तसे. शेवटी पाणी आणि वाळू घेऊन ग्रॅनाइटच्या खडकावर घासायचे. ग्रॅनाइटमधले क्वार्ट्‌झचे कण इथे कानशीचे काम करतात, म्हणजे जो दगड कुऱ्हाडीला नालायक तोच तिला धार लावायला उत्तम. घासून पडलेल्या लांबट, गुळगुळीत खोबणी परिसरातल्या खडकांवर आजही दिसतात. तयार कुऱ्हाड त्रिकोणी, मागे टोकदार, मध्ये फुगीर आणि दोन्ही कडांना पातळ असते. पुष्कळदा फक्त धारेकडचा भागच नीट घासलेला आढळतो, कारण सगळी कुऱ्हाड चकचकीत करायला वेळ फार लागतो आणि लाकूड तोडायला त्याचा उपयोग थोडाच.

चुका बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांत होत. घाव काठापासून फार आत पडला की छिलका पूर्ण न निघता मध्येच तुटतो आणि पायरी राहते. तिच्यावर पुन्हा घाव घातला की पायरी आणखी उंच होते, आणि मग जाडी कमी होतच नाही. लांब घाट नीट न धरता ठोकला तर हादऱ्याने तो मधोमध आडवा मोडतो. वरचे तपकिरी, हवापाण्याने कुजलेले साल पुरते काढले नाही तर धार भुसभुशीत निघते. मोडलेले तुकडे वाया जातातच असे नाही, त्यांचे हातोडे आणि घासणीचे दगड होत.

हे काम कोण करी? टेकडीवर एका गोलाकार दगडी बांधणीच्या जागेत डोलेराइटच्या कपच्यांचा जाड थर सापडला. आधी घरोघरी होणारे काम नंतर काही ठिकाणी एकवटले, असे त्यावरून दिसते. म्हणून कारागिरांची वेगळी जात किंवा पूर्णवेळ धंदा मानणे मात्र घाईचे ठरेल. हीच माणसे कुळीथ, मूग आणि बारीक भरड धान्ये पिकवत, गुरे आणि शेळ्यामेंढ्या पाळत. पावसाळी पिके हाताशी आल्यावर दगडकामाला सवड मिळत असावी. कच्चा घाट काढायला तरबेज हात लागतो, घासायला चिकाटी पुरते. तेव्हा घासण्याचे काम घरातली इतर माणसे, मुलेदेखील, करत असावीत. गरजेपेक्षा जास्त कुऱ्हाडी घडत असतील तर त्या शेजारच्या वस्त्यांना देऊन सोयरिकी आणि देवघेव राखता येई.

त्याच डोलेराइटच्या भित्तींवर वशिंडाच्या, लांब शिंगांच्या बैलांची चित्रे टिपून काढलेली आहेत. काळसर पृष्ठभागावर टिपलेला भाग फिका दिसतो. काही चित्रे सहज पाय पोचणार नाही अशा जागी आहेत. शिवाय काही धोंड्यांवर ठोकून ठोकून पडलेले खळगे असून तिथे दगड मारला की घंटेसारखा नाद येतो. धोंडा मोजक्याच बिंदूंवर टेकलेला असेल तर तो असा वाजतो. दगडाला भेग आहे का हे पाथरवट वाजवून पारखतात : धड दगड खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. तो कान खाणीतल्या माणसांनाही असणारच, आणि नाद देणारे धोंडे त्यांनीच हेरले असावेत. निदान चित्रे, नाद आणि खाण यांची जागा एकच आहे एवढे खरे, म्हणून इथे दगड काढणे आणि समारंभ यांत रेघ ओढता येत नाही.

महाराष्ट्रात नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरात असलेल्या काळातील) थरांतही डोलेराइटच्या घासलेल्या कुऱ्हाडी मिळाल्या. मात्र त्या काळातील जोर्वे संस्कृतीच्या शेतकरी गावांचा रोजचा भर कॅल्सेडनी या गारेच्या जातीच्या दगडाच्या लहान पात्यांवर होता. तो दगड बेसाल्टच्या पोकळ्यांत आणि नदीच्या गोट्यांत मिळतो, त्यामुळे असे डोंगरावरचे खाणकाम त्यांना फारसे लागत नसे.

इ. स. पू. १२००च्या सुमारास हिरेगुड्डचे काम थंडावले आणि वस्तीही ओस पडत गेली. पुढे दक्षिणेत लोखंड रुळले. अलीकडच्या काळात याच परिसरात ग्रॅनाइटसाठी खाणकाम झाले. जुन्या खाणीचा पुरावा म्हणजे तिथेच पडलेला कचरा असतो, आणि सुरुंगाने तो चित्रांच्या आधी जातो, कारण कपच्यांचा ढीग पाहून कोणी थांबत नाही.