स्वरतंतूंवरची चिवट चामखीळ : आरशापासून लसीपर्यंत

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेडमध्ये, दोघांना बोलायचं असलं की एक जण दुसऱ्याच्या कानाशी तोंड नेतो आणि ओरडतो. आठ-दहा माग एकदम चालू असले की कांडी संपली एवढं सांगायलाही छातीतून आवाज काढावा लागतो. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एटीन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने 1911 मध्ये दाखवलं. त्यामुळे आपल्याकडे आवाज घोगरा झाला की कारण हाताशी तयारच असतं. मागावर ओरडणं, गड्ड्याच्या यात्रेतला जयघोष, वारीतलं भजन, बाजार समितीतला कांद्याचा लिलाव, नाहीतर साठ पोरांचा वर्ग. बहुतेक वेळा ते कारण खरंही असतं. सतत ताण पडून स्वरतंतूंच्या कडांवर समोरासमोर बारीक गाठी येतात आणि आवाजाला विश्रांती, पुरेसं पाणी आणि स्पीच थेरपी यांवर त्या बऱ्याचदा बसतात.

पण एक वाढ अशी आहे की ती ओरडण्याने येत नाही आणि गप्प राहिल्याने जात नाही. स्वरयंत्रातला पॅपिलोमा, म्हणजे घशातली चामखीळ. गुलाबी, दाणेदार झुबका. तो कॅन्सर नसतो. क्वचितच पुढे त्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर होतं. पण काढला की पुन्हा येतो. मोठ्या माणसाचा आवाज जातो. लहान मुलाचा तर श्वासच अडतो, कारण त्याच्या स्वरयंत्रात जागाच किती! काही रुग्णांवर आयुष्यात शंभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी आहेत. या आजाराच्या उपचारांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीला प्रत्येक पिढी 'मुळासकट काढू' म्हणून हत्यार उचलते आणि शेवटी कमीत कमी कापायला शिकते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाचे स्वरतंतू नीट पाहण्याची सोयच नव्हती. स्ट्रासबुर्गच्या एरमान यांनी 1844 मध्ये स्वरयंत्रातली गाठ काढली ती गळा बाहेरून उघडून. मार्ग सापडला तो एका गाण्याच्या मास्तरांना. मान्युएल गार्सिया लंडनला गाणं शिकवायचे. सप्टेंबर 1854 मध्ये पॅरिसला असताना त्यांनी एका उपकरणवाल्याकडून दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला. वाफ धरू नये म्हणून तो गरम पाण्यात बुडवून कोरडा पुसला, पडजिभेला टेकवला आणि हातातल्या दुसऱ्या आरशाने उन्हाची तिरीप त्यावर पाडली. स्वतःचे स्वरतंतू उघडताना-मिटताना त्यांना दिसले. 1855 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. पुढे व्हिएन्नात ट्युर्क आणि हंगेरीतल्या पेस्ट शहरात चेरमाक या डॉक्टरांनी हा आरसा दवाखान्यात आणला. चेरमाक यांनी उन्हाऐवजी दिव्याचा उजेड वापरला, म्हणून ढगाळ दिवशीही तपासणी होऊ लागली.

त्यानंतर 1861 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांनी आरशात पाहत, तोंडावाटे, स्वरतंतूवरची गाठ काढली. रुग्ण त्यांचा सख्खा भाऊ होता. स्वरयंत्र बधिर करण्याचा उपाय तेव्हा नव्हता, त्यामुळे घशात हत्यार गेलं तरी उबळ येऊ न देण्याचा सराव भावाला आधी करावा लागला. कोकेनने घसा बधिर करता येतो हे 1884 मध्ये कळलं, म्हणजे त्यानंतर तेवीस वर्षांनी. ही मधली वर्षं ज्या रुग्णांनी काढली त्यांच्याबद्दल वाचताना आजही अंगावर काटा येतो.

लंडनचे मोरेल मॅकेन्झी यांनी 1871 मध्ये स्वरयंत्रातल्या वाढींच्या शंभर रुग्णांवर ग्रंथ लिहिला आणि पॅपिलोमाला वेगळी ओळख मिळाली. याच मॅकेन्झींना 1887 मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा घसा पाहायला बोलावलं होतं. त्यांनी काढलेला तुकडा रोगनिदानतज्ज्ञ फिरखोव्ह यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला; त्यात कॅन्सर दिसला नाही. पण आजार कॅन्सरच होता. गादीवर बसून 99 दिवस झाले आणि 15 जून 1888 रोजी फ्रेडरिक वारले. वरवरचा एक तुकडा साधा निघाला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, हा धडा त्यातून मिळाला. आजही पॅपिलोमाच्या रुग्णाचा नमुना वेळोवेळी तपासायला पाठवतात तो याचसाठी.

विसाव्या शतकात आजाराचा स्वभाव उलगडत गेला. व्हिएन्नाच्या उलमान यांनी 1923 मध्ये एका मुलाच्या स्वरयंत्रातल्या पॅपिलोमाचा अर्क स्वतःच्या हाताच्या कातडीत टोचून घेतला आणि तिथे चामखिळी उगवल्या. म्हणजे हा आजार संसर्गाचा. तरीही उपचार कापण्या-जाळण्याचेच राहिले. मुलांच्या गळ्यावर किरणोपचार करून पाहिले. त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर झाला, तेव्हा तो मार्ग सोडावा लागला. श्वास अडला की गळ्याला छिद्र पाडून नळी घालायचे. जीव वाचायचा, पण चामखीळ त्या नळीच्या वाटेने खाली श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असायचा. म्हणून आता अगदी इलाज नसेल तरच नळी घालतात आणि लवकरात लवकर काढतात.

खरा फरक पडला 1960 च्या दशकात. जर्मनीचे ऑस्कर क्लाइनझासर यांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाला 400 मिलिमीटर केंद्रांतराचं भिंग जोडलं. भूल दिलेल्या रुग्णाच्या तोंडातून सरळ नळी घातलेली, दूरवर सूक्ष्मदर्शक आणि सर्जनचे दोन्ही हात मोकळे. जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरच्या स्वरतंतूवर काम करताना एका हाताने धरायचं नि दुसऱ्याने कापायचं, हे तेव्हा पहिल्यांदा सहज जमू लागलं. 1974 मध्ये जपानचे मिनोरू हिरानो यांनी स्वरतंतूचे थर समजावून सांगितले. वरचं मऊ आवरण आतल्या स्नायूवरून लाटेसारखं सरकतं, तेव्हा स्वर निघतो. त्या आवरणाखालच्या थराला जखम झाली की तिथे व्रण धरतो, आवरण चिकटतं आणि चामखीळ गेली तरी आवाज परत येत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात हिरानोंचं काम सर्वांत मोलाचं आहे. किती कापायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे त्यामुळे कळलं.

लेसरची कथा आपल्या शेजारून सुरू होते. कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधणारे कुमार पटेल हे 1938 मध्ये बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 मध्ये पदवीधर झाले. या लेसरचे किरण पाणी चटकन शोषून घेतं आणि शरीराच्या पेशींत पाणीच जास्त, म्हणून ते वरचा थर उडवून देतात आणि रक्तही फारसं येत नाही. बॉस्टनच्या स्ट्राँग आणि याको यांनी 1972 मध्ये तो स्वरयंत्रात वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आशा मोठी होती. पण चामखीळ लेसरनंतरही परत येऊ लागली. शिवाय उत्साहाच्या भरात खोल जाळलं गेलं तर दोन्ही तंतू पुढच्या टोकाला एकमेकांना चिकटायचे. श्वासाच्या नळीतल्या ऑक्सिजनमुळे आग लागण्याचं भय वेगळंच.

परत का येते याचं उत्तर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालं. जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने आणि इतरांनी या गाठींत एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस) या विषाणूचे 6 आणि 11 हे प्रकार शोधले. पाठोपाठ 1983 मध्ये अमेरिकेत बेट्टी स्टाइनबर्ग यांच्या गटाने दाखवलं की चामखिळीच्या आजूबाजूच्या, डोळ्यांना अगदी निरोगी दिसणाऱ्या भागातही हा विषाणू दबा धरून असतो. शेतातली हरळी वरून कितीही खुरपली तरी मुळी मातीत राहतेच, तसंच हे. मुळासकट काढायचं म्हणून सगळं स्वरयंत्र तर काढता येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेचं उद्दिष्टच बदललं. श्वासाची वाट मोकळी ठेवायची, आवाज जपायचा आणि थोडी चामखीळ मागे राहिली तरी चालेल म्हणायचं.

मुलांना हा विषाणू बहुधा जन्माच्या वेळी आईकडून येतो. पण विषाणू असलेल्या असंख्य आयांची बाळं धडधाकट असतात आणि सिझेरियनने खात्रीचं संरक्षण मिळतं असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून अशा मुलाच्या आईला घरात कुणी बोल लावू नये, हे मला मनापासून सांगायचं आहे. तिचा यात काही दोष नसतो.

औषधांचे प्रयत्नही बरेच झाले. इंटरफेरॉनने सुरुवातीला फरक पडायचा, पण तो टिकला नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं बेव्हॅसिझुमॅब गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखतं. शिरेतून दिल्यावर चामखीळ झपाट्याने आकसल्याचे अनुभव आहेत, मात्र औषध थांबवलं की ती अनेकांत परतते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पॅपझिमिओस या उपचाराला मोठ्या माणसांसाठी मान्यता दिली. कातडीखाली चार इंजेक्शनं, बारा आठवड्यांत. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच 6 आणि 11 प्रकारच्या विषाणूने ग्रासलेल्या पेशी ओळखायला शिकवतात. चाचणीतल्या 35 रुग्णांपैकी 18 जणांना पुढे वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही. संख्या लहान आहे, पण दर काही महिन्यांनी भूल घेणाऱ्या माणसाला एक मोकळं वर्ष म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आजार होऊच नये यासाठीची लस मात्र आधीच आलेली आहे. ऑस्ट्रेलियाने 2007 पासून मुलींना आणि 2013 पासून मुलग्यांनाही एचपीव्हीची लस दिली. तिथे लहान मुलांतल्या या आजाराचं नव्या रुग्णांचं प्रमाण 2012 मध्ये लाख मुलांमागे 0.16 होतं, ते 2016 मध्ये 0.02 वर आलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लसीला जुलै 2022 मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तीत 6, 11, 16 आणि 18 हे चार प्रकार आहेत आणि ती 9 ते 26 वयाच्या मुलामुलींना देता येते.

सोलापुरात आज अडचण होते ती बहुधा ओळखण्यात. लहान मुलाचं रडणं घोगरं असतं, श्वास आत घेताना घरघर होते, आणि महिनोन् महिने दमा म्हणून पंप दिला जातो. पंपाने फरक पडत नसेल तर सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावं. मोठ्यांचा आवाज तीन-चार आठवडे सुटला नाही तरीही हेच, मग ती व्यक्ती मागावर काम करणारी असो की शाळेत शिकवणारी. आणि मुलांना लस देताना तीत 6 आणि 11 आहेत का ते विचारून घ्यावं. फक्त 16 आणि 18 असलेली लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते, पण घशातल्या या चामखिळीसाठी ती बनलेली नाही.