रूट कॅनल उपचार

रूट कॅनल उपचार : दाताच्या आतली कायमची दुखावलेली किंवा सडलेली दंतमज्जा, म्हणजे दाताच्या पोकळीतला मऊ गाभा, काढून, मुळातल्या नलिका निर्जंतुक करून त्या घट्ट भरण्याचा उपचार. बोलताना ‘दाताची नस काढली’ असे म्हणतात. मात्र मज्जेत मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात आणि मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून ती जबड्याशी जोडलेली असते. पूर्ण वाढलेला दात तिच्यावाचूनही टिकतो, कारण त्याला धरून ठेवणारे तंतू मुळाच्या बाहेरच्या बाजूला, हाडात रुतलेले असतात.

मज्जा चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली असते. कीड तिथवर पोचून सूज आली की फुगायला जागा उरत नाही. दाढेचा तो ठणका यातूनच येतो. थंड पाण्याने उठलेली सणक क्षणात ओसरत असेल, तर बहुधा मज्जा वाचते आणि नुसती कीड काढून दात भरला तरी भागते. चहाच्या घोटाने उठलेली कळ बराच वेळ रेंगाळू लागली, रात्री आडवे होताच वाढू लागली, तर मज्जा सहसा परत सुधारत नाही. काहींना या अवस्थेत गार पाण्याची चूळ तोंडात धरली तरच बरे वाटते.

मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. लवंगेचे तेल लागू पडले, असे घरात सगळ्यांना वाटते. खरे तर मज्जा मेलेली असते. दुखणे कळवणारेच काही उरलेले नसते आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकत असतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा भरते. दुखत नाही म्हणून या काळात दवाखाना टाळणे रुग्णाला सर्वांत महाग पडते.

अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी हे बरे होत नाही. मेलेल्या मज्जेत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध तिथे पोचत नाही. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हा त्या गोळ्या लागतात, पण उपचाराच्या जोडीला. जंतूच या आजाराचे मूळ आहेत, हे 1965 मध्ये अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगातून स्पष्ट झाले. साध्या उंदरांची उघडी पडलेली मज्जा सडली. पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र तिच्यावर नवे कठीण आवरण तयार झाले.

उपचारात आधी एक्स-रे काढतात, मग इंजेक्शनने जागा बधिर करतात. लाळ आत जाऊ नये आणि औषध किंवा हत्यार घशात जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात. हा ‘रबर डॅम’ दिसायला विचित्र वाटला, तरी रुग्णाने त्याचा आग्रह जरूर धरावा. दाढेला वरून छिद्र पाडून केसासारख्या बारीक फाइली, म्हणजे नलिका खरवडून साफ करणाऱ्या कानशी, आत घालतात. प्रत्येक फाइलीवर इवलीशी रबरी चकती असते, ती नलिकेच्या मापावर सरकवून ठेवलेली असते. मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने धुतात. पोहण्याच्या तलावासारखा जो वास येतो, तो याचाच. शेवटी गट्टापर्चा, म्हणजे एका झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ, भरतात. पुढच्या वरच्या दातात सहसा एकच नलिका असते. वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चार. चौथी इतकी अरुंद असते की ती नजरेतून सुटणे, हे उपचार फसण्याचे एक नेहमीचे कारण आहे. काम एका बैठकीत झाले काय किंवा तीन बैठकांत झाले काय, त्यावरून त्याचा दर्जा ठरत नाही.

बधिर केलेले असल्याने उपचार सहसा दुखत नाही. दुखलेच तर हात वर करावा, पुन्हा इंजेक्शन देता येते. बधिर झालेला ओठ पूर्ववत होईपर्यंत काही चावू नये; लहान मुले ओठच चावून बसतात. पुढे दोन-चार दिवस चावताना दुखरेपणा जाणवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, गर्भारपण, हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. डोळ्याची पाहण्याची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी. दाताच्या उपचाराने नजर कमी होत नाही.

खरे नुकसान होते ते ठणका गेल्यावर अर्ध्यावर सोडलेल्या कामामुळे. दोन बैठकांच्या मधे छिद्रावर लावलेले तात्पुरते सिमेंट झिजते, लाळ आत झिरपते आणि साफ केलेल्या नलिकांत पुन्हा जंतू शिरतात. कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचे कठीण आवरण, हेही पुढे ढकलू नये. किडीने आणि छिद्राने आतून पोकळ झालेली दाढ एखाद्या सुपारीच्या खांडानेही उभी चिरते; चीर मुळापर्यंत गेली, तर दात काढावाच लागतो. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात विचारावे.

जबड्याखाली सूज येऊन तोंड उघडेनासे झाले, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न पाहता त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. संसर्ग मानेत उतरून श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो.

उपचारानंतर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा एक्स-रे काढावा. पूर्वी मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसत असेल, तर तो लहान होत गेलेला दिसतो. तिथे नवे हाड भरत असते.